तिन्ही संगट

२०२४ च्या जूनमध्ये हदगावला गेलो तेव्हा मोठ्या बॅगेच्या तळाशी एक लांबट खोका होता. सईला बाराव्या वाढदिवसाला मिळालेलं मॉडेल रॉकेटचं किट. कोलोरॅडोतल्या आमच्या घरी ते तीन महिने कपाटावर पडून होतं. मला वेळ नव्हता, तिला एकटीला जमत नव्हतं. शेवटी तिनंच ठरवलं, सुट्टीत आबांकडं जायचंच आहे तर हेही घेऊन जाऊ. आबांना सगळी हत्यारं चालवता येतात.

तिचे आबा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

हैदराबादहून गाडीनं नांदेड, मग वारंगा फाटा, मग हदगाव. घरी पोचल्यावर बॅग उघडली तेव्हा आईनं त्या खोक्यावरचं चित्र निरखून पाहिलं. सईनं तिला समजावलं, की या रॉकेटला एक नाही, तीन मोटारी लागतात.

"तीन-तीन मोटारी," आई म्हणाली, "अन् पाणी थेंबभर नाही?"

आमच्याकडं मोटार म्हणजे विहिरीतली किंवा बोअरमधली. चारचाकीला गाडी म्हणतात. अण्णांनी अडतीस वर्षं बसस्टँडजवळच्या दुकानात याच मोटारी भरल्या. मोटार भरणं म्हणजे जळालेली वाइंडिंग काढून टाकायची, खाचा साफ करायच्या, नवी तांब्याची तार मोजून वेढे देत बसवायची. दुकान आता त्यांच्याकडंच काम शिकलेला एक माणूस चालवतो. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण सकाळी तासभर दुकानात जाऊन बसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

किटाच्या भाषेतली मोटार वेगळी. ती म्हणजे अंगठ्याएवढी जाड आणि बोटभर लांब अशी पुठ्ठ्याची नळी. आत दाबून भरलेली काळी बारूद, खालच्या तोंडाला भाजक्या मातीसारखं कडक नोझल. नळीवर छापलेलं असतं, सी ६-५. सी हे अक्षर एकूण जोर सांगतं. ए, बी, सी, डी असं एकेक अक्षर पुढं गेलं की तो दुप्पट होतो. ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन रेटा. आणि ५ म्हणजे बारूद जळून संपल्यावर पाच सेकंदांनी वरच्या बाजूला एक छोटा स्फोट होणार, त्यानं रॉकेटचं नाक उडून पॅराशूट बाहेर पडणार. सगळा जोर दोन सेकंदांच्या आत संपतो. साध्या रॉकेटला अशी एक मोटार असते. सईच्या रॉकेटला तीन होत्या, एकमेकींना चिकटून, त्रिकोणात. अशा घडाला क्लस्टर म्हणतात. तिन्ही एकाच क्षणी पेटायला हव्यात, एवढीच त्याची अट आहे आणि सगळी अडचणही तीच.

मोटारी मात्र आमच्या बॅगेत नव्हत्या. विमानात त्या हातात नेता येत नाहीत आणि सामानातही टाकता येत नाहीत. इकडं बारूद म्हटली की १८८४ चा स्फोटक कायदा आला. म्हणजे हदगावात फक्त रॉकेट तयार होणार होतं. उडवायचं ते परत गेल्यावर. सईनं हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. घाई राहणार नाही."

पहिल्या संध्याकाळी माहितीपत्रक उलगडून मी ते मराठीत वाचून दाखवत होतो. अण्णा ओसरीवर खुर्चीत, सई खाली सतरंजीवर. तीन मोटारींच्या चित्रापाशी आलो तसं त्यांनी मला थांबवलं.

"एक नाही पेटली तर?"

तर रेटा एका बाजूला होईल, मी म्हणालो. रॉकेट न पेटलेल्या मोटारीच्या बाजूला कलेल. सरळ जाणार नाही.

"म्हणजे सिंगल फेज," अण्णा म्हणाले, आणि पुढचं वाचायची खूण केली.

शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. पाच एचपीची मोटार थ्री फेजवर चालते. तीन तारांतून वीज आळीपाळीनं जोर लावते आणि मोटार एकसारखी फिरते. चालू मोटारीची एक तार तुटली, फ्यूज गेला किंवा नुसता सांधा सैल झाला, तर मोटार लगेच बंद पडत नाही. उरलेल्या दोन तारांवर ती फिरत राहते, कण्हल्यासारखा आवाज करते. त्या दोन तारांतून झेपेल त्याहून जास्त करंट जातो, तार तापते, तारेवरचं आवरण वितळतं आणि मोटार जळते. अण्णांच्या दुकानात येणाऱ्या मोटारींत अशा जळालेल्या किती तरी असायच्या. वास घेऊनच ते सांगायचे, पाण्यानं गेली का फेजनं गेली.

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला गहू आठवला.

१९९६ चा जानेवारी. मी अकरावीत होतो. कयाधूच्या बाजूला एका शेतकऱ्याची मोटार अण्णांनी भरली होती. ती बोअरमध्ये सोडायला दुकानातला माणूस आणि मी गेलो. मोटारीची केबल आणि वरची केबल जोडायचे तीन सांधे असतात. एकेक तार पिळायची, आवळायची, टेप गुंडाळायची. त्या दिवशी ते सांधे मी मारले. अण्णा मागून सायकलवर आले, त्यांनी पाहिलं आणि मोटार खाली सोडली. पाणी आलं. शेतकऱ्यानं आम्हाला हुरडा दिला.

तिसऱ्या दिवशी रात्रपाळीची लाइन आली. स्टार्टरला ऑटो लावलेला होता, लाइन आली की मोटार आपोआप सुरू. शेतकरी घरी झोपलेला. पहाटे जाऊन पाहतो तर चर कोरडा आणि मोटार गेलेली. वर काढली तेव्हा माझ्या तीन सांध्यांपैकी एक काळा पडला होता. टेप हातात सुटून आली.

गहू ओंबीवर होता. त्याची एक पाळी हुकली. अण्णांनी स्वतःची तार घालून मोटार पुन्हा भरली, एक पैसा घेतला नाही. शेतकऱ्यानं पुढंही आमच्याकडंच काम दिलं. मला कुणी काही बोललं नाही. अण्णाही नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मला सांधा मारायला सांगितलं नाही. दुकानात गेलो तर म्हणायचे, अभ्यास कर जा. मी अभ्यास केला. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, मग अमेरिकेत आलो. आमचं बोलणं कधी तुटलं नाही, भांडण कधी झालं नाही. फक्त माझ्या मनात एक निकाल लागून गेला होता, की अण्णांनी माझे हात पाहिले आणि ठरवलं, हे हात आपल्या कामाचे नाहीत.

०००

रॉकेटचं काम रोज दुपारी चालायचं. जून असल्यामुळं हवा दमट. पुठ्ठ्याच्या नळ्या हाताला नरम लागायच्या, फेविकॉल वाळायला दुप्पट वेळ घ्यायचा. घाई नव्हतीच.

तीन मोटारींच्या तीन नळ्या आधी एकमेकींना चिकटवायच्या. मग त्यांच्याभोवती पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, म्हणजे तो घड मोठ्या नळीच्या बरोबर मध्यात बसतो. तीन गोल एकत्र आले की मधे एक फट राहते, कडेलाही राहतात. त्या बुजवाव्या लागतात, नाही तर वरच्या स्फोटाचा वायू त्यांतून खाली निसटतो आणि पॅराशूट आतच राहतं. अण्णांनी त्यासाठी दुकानातून खाचांत घालायचा इन्सुलेशनचा कागद आणला, बारीक पट्ट्या कापल्या, फेविकॉलमध्ये भिजवून चिमट्यानं एकेक आत सारली. सईला म्हणाले, "वाइंडिंगबी असंच राहतं बघ. बाहेरून काहीच दिसत नाही. सगळं काम आत."

पंख बाल्सा लाकडाचे, वजनाला भाकरीच्या पापुद्र्यासारखे. नळीवर ते सरळ बसावेत म्हणून उभ्या रेघा मारायच्या असतात. गोल नळीवर सरळ रेघ मारायची युक्ती माहितीपत्रकातच होती: नळी दाराच्या चौकटीच्या कोनात धरायची आणि कडेला पेन्सिल टेकवून ओढायची. अण्णांना ती फार आवडली. त्यांनी घरातला पाण्याचा एक पाइप आणून त्यावरही एक रेघ मारून पाहिली.

संध्याकाळी लाइट गेली की गप्पा निघायच्या. सईला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. हा छंद सुरू केला तो ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या माणसानं, अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी, १९५४ मध्ये. त्याचं बुटांचं दुकान होतं. त्याच्या भावाला विमानांची मॉडेल्स उडवायचा नाद, त्यानं रॉकेटचा नमुना करायला सांगितला, आणि फटाक्यांचा शौकीन असलेल्या कार्लाइलनं बारूद भरलेली, बदलता येणारी नळी तयार केली. पुढं व्हर्न एस्टेस या माणसानं डेन्व्हरमध्ये दाबाच्या हवेवर चालणारं यंत्र बनवलं, त्याला मेबल असं नाव दिलं आणि एकसारख्या मोटारी हजारांनी निघू लागल्या. १९६१ मध्ये त्याचा कारखाना कोलोरॅडोतच पेनरोजला गेला.

"बुटाच्या दुकानवाला?" अण्णांनी दोनदा विचारून घेतलं.

आम्ही दिवाळीला उडवायचो तो बाण याच जातीचा. तीच काळी बारूद, फक्त सरळ जाण्यासाठी पंखांऐवजी काडी. जुन्या मराठी बखरींत लढाईच्या वर्णनात बाण येतात तेही धनुष्याचेच असतात असं नाही. बऱ्याचदा ते दारूचे बाण असतात.

मग मी क्लस्टरचं सांगू लागलो, कारण अण्णांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न पाचच्या तळाशी पाच इंजिनं होती. रशियानं त्याच कामासाठी एन-१ नावाचं रॉकेट बांधलं, त्याला पहिल्याच टप्प्यात तीस. १९६९ ते १९७२ या काळात ते चार वेळा उडवलं, चारही वेळा फसलं. आणि त्याच रशियाचं सोयूझ, पाच इंजिनांचे मिळून वीस मोठे ज्वलनकक्ष एकदम पेटवणारं, शेकड्यांनी उडालं. ते पेटवायची रीत ऐकून अण्णा खुर्चीत पुढं सरकले. प्रत्येक कक्षाच्या तोंडात बर्चच्या लाकडाचा सांगाडा खालून खोचायचा, त्याच्या टोकाला पेट घेणारा मसाला. अनेक दशकं हेच चाललं. आगकाडीच म्हणा. सगळ्या काड्या पेटल्याची खूण मिळाल्याशिवाय इंधन सोडायचं नाही.

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "आधी तिन्ही फेज बघायच्या, मग स्टार्टर दाबायचा."

आपल्याकडचंही सांगितलं. १९८७ च्या मार्चमध्ये एएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात कडेची दोन रॉकेटं नीट जळाली, पण ती संपल्यावर मधला टप्पा पेटलाच नाही. उपग्रह समुद्रात गेला. दुसरा प्रयत्नही फसला, तिसरा १९९२ मध्ये साधला. पीएसएलव्हीच्या मोठ्या रूपात कडेला सहा असतात. चार जमिनीवर पेटवतात, दोन हवेत गेल्यावर. चांद्रयान १ त्यावरच गेलं, २००८ मध्ये. आणि घन इंधनाच्या कामात पुढं असलेले वसंत गोवारीकर आपलेच, पुण्यात जन्मलेले. नाव ऐकताच अण्णा म्हणाले, "पावसाच्या अंदाजवाले?" बरोबर होतं. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकारानं सोळा घटकांवरून मान्सूनचा अंदाज देणं सुरू झालं. आमच्या भागात त्यांचं नाव रॉकेटमुळं नाही, पेरणीमुळं पोचलं.

०००

रंग द्यायच्या आधी एक चाचणी असते. रॉकेटचा तोल जिथं साधतो तिथं दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती गोल फिरवायचं. नाक पुढं ठेवून फिरलं तर ते हवेतही सरळ जाईल. पण त्यासाठी मोटारींचं वजन आत हवं, आणि मोटारी तर नव्हत्या. एकेकीचं वजन चोवीस ग्रॅम. अण्णांनी जाड कागदाच्या तीन नळ्या वळल्या, वाळू भरली आणि सईला घेऊन सोनाराकडं गेले. दोन तोळ्यांच्या थोडी वर अशी वाळू सोन्याच्या काट्यावर तोलून आणली. सोनारानं विचारलं म्हणे, वाळूचे भाव एवढे वाढले का?

अंगणात सईनं रॉकेट फिरवलं. शेजारची पाच-सहा पोरं भिंतीवर चढून बसली होती. पहिल्यांदा ते भिरभिरलं, मग सावकाश वळलं आणि नाक पुढं करून फिरू लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई आतून म्हणाली, "पत्र्यावर नका पाडू."

निघायच्या दोन दिवस आधी अण्णांनी तारांचा विषय काढला. प्रत्येक मोटारीच्या नोझलमध्ये एक पेटवणी घालतात. केसासारखी बारीक तार, टोकाला मसाल्याचा ठिपका. वीज गेली की ठिपका भडकतो. तीन पेटवण्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर जी आधी जळेल ती तार तोडेल आणि बाकीच्या तशाच राहतील. म्हणून त्या पॅरललमध्ये जोडायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र वाट. पण मग करंट तिप्पट लागतो, चार पेन्सिल सेलचं काम नाही, बारा व्होल्टची गाडीची बॅटरी हवी. हे मी सांगायच्या आधीच त्यांनी कागदावर काढून ठेवलं होतं.

दुकानातून ते सहा छोट्या मगरचिमट्या आणि तांब्याची सुती तार घेऊन आले. तीन जोड्या करायच्या, तिन्ही मिळून पुढं दोन टोकं. सोल्डरची इस्त्री तापली. दोन जोड्या त्यांनी केल्या. हात जरा हलत होता, पण थेंब पडायच्या क्षणी थांबायचा. मग त्यांनी इस्त्री माझ्यासमोर धरली.

"तिसरी तू मार."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते तार पुसत होते. मी जोडी केली. चार सांधे. त्यांनी मीटर लावून पाहिला नाही. ते तिघांनाही दिसलं असावं. सईनं मात्र तारा ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "घट्ट आहे."

०००

सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात मोठी अतिवृष्टी झाली. नांदेड, हिंगोली, परभणी, सगळीकडं पाणी. हदगावच्या आजूबाजूच्या नदीकाठच्या मोटारी गाळात गेल्या. दुकानासमोर चिखलानं भरलेल्या मोटारींची रांग लागली आणि अण्णा पुन्हा दिवसभर कामाला बसू लागले. फोनवर आवाज तरतरीत असायचा. आई तक्रार करायची, तिचाही आवाज तरतरीत असायचा.

आमच्याकडं उन्हाळ्यात गवत वाळलेलं, आगीची भीती, म्हणून उड्डाणं बंद होती. ऑक्टोबरच्या १२ तारखेला, शनिवारी, गावाबाहेरच्या माळावर परवानगी मिळाली. तो दसरा होता. आमचे सकाळचे आठ म्हणजे हदगावचे संध्याकाळचे साडेसात. अण्णांनी सकाळी पाने, पक्कड, मेगर यांची पूजा केली होती, सोनं वाटून घरी आले होते आणि आईच्या फोनवर व्हिडिओ लावून बसले होते.

मोटारी मी आदल्या दिवशी आणल्या होत्या. तिन्हींत पेटवण्या सईनं घातल्या, वर प्लॅस्टिकची बुचं बसवली. मी एकेक पाहिली. मग अण्णांची तार लावली, तीन जोड्या, सहा चिमट्या, एकीची दुसरीला टेकत नाही हे पाहिलं. खालचं गवत ओलं केलं. तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी सगळं तपासून मान हलवली. तीसेक फूट मागं येऊन सईनं किल्ली घातली, पाचपासून उलटे आकडे मोजले आणि बटण दाबलं.

फस्स असा आवाज झाला, धूर आला आणि रॉकेट सळईवरून सुटलं. सुटल्याबरोबर कललं. दोन माणसं उंचीला असतील तिथंच ते एका अंगाला वळलं, आडवं होत माळावर लांब गेलं आणि जमिनीकडं येऊ लागलं. पॅराशूट अगदी शेवटी फुटल्यासारखं बाहेर आलं, पुरतं उघडलं नाही. रॉकेट गवतात आदळलं.

सई धावली. मी धावलो नाही. मी आधी सळईपाशी गेलो आणि तार उचलली. तिसरी जोडी. माझी. अठ्ठावीस वर्षांनीही माझा हात आधी तिथंच गेला. चारही सांधे ओढून पाहिले. घट्ट होते.

सई रॉकेट घेऊन आली. एक पंख तडकला होता. तीन मोटारींपैकी दोन काळ्या पडलेल्या, तिसरी कोरी. तिची पेटवणी खाली पडलेली मला सळईपाशी सापडली. तिचा ठिपका जळून गेला होता. म्हणजे वीज पोचली होती, ठिपका भडकलाही होता, पण तो बारुदीला टेकलेला नव्हता. पेटवणी नोझलमध्ये पूर्ण आत गेली नव्हती. दोन-तीन मिलिमीटरचा फरक. ती सईनं घातली होती.

तिला ते माझ्या हातातली पेटवणी पाहूनच कळलं. ती काही बोलली नाही. रॉकेट छातीशी धरून उभी राहिली, आणि मला एकदम कळेना की काय बोलायचं. काही बोललं नाही तर विषय संपेल असं वाटत होतं. कदाचित उद्या ती विसरेल असंही वाटलं.

फोनवरून अण्णांचा आवाज आला. "काय झालं? एक नाही पेटली का?"

"हो अण्णा."

"कामून?"

मी म्हणालो, "पेटवणी आत गेली नव्हती. मी पाहिली होती. मला दिसलं नाही."

ते खरंच होतं. मी तिन्ही पाहिल्या होत्या, बुचं नीट बसलीत म्हणून मान हलवली होती. सईनं माझ्याकडं वर पाहिलं.

फोनवर थोडा वेळ नुसता आवाज येत होता. मागं कुठं तरी देवीच्या मिरवणुकीचा ढोल. मग अण्णा म्हणाले, "त्या गव्हाच्या मोटारीचं ध्यानात हाय का तुझ्या?"

मी हो म्हणालो.

"तो सांधा मी पाहिलो होतो. हातानं ओढून पाहिलो होतो. मलाबी दिसलं नव्हतं."

एवढंच. मग त्यांनी सईला विचारलं, किती पंख तुटले.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ गॅरेजमध्ये बसून होतो. त्या वर्षी अण्णा सेहेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे आजच्या माझ्याहून फार मोठे नाहीत. त्यांनी स्वतःची तार घालून ती मोटार भरून दिली ती माझ्यासाठी, असं मी धरून चाललो होतो. ती त्यांची स्वतःचीही भरपाई होती. आणि मला सांधा न देण्यामागं माझ्या हातांबद्दलचा निकाल होता, की स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला होता, की पोरावर पुन्हा अशी वेळ नको इतकं साधं काही, हे मी विचारलेलं नाही. विचारायचं ठरवतो आणि पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवतो. पण तिसरी जोडी त्यांनी माझ्यापुढं धरली होती, आणि मीटर लावला नव्हता.

०००

पंख फेविकॉलनंच जोडला. सईनं यावेळी पेटवणी कशी घालायची याचा सराव जुन्या जळक्या नळीवर केला. पेटवणी आत घालायची, टेकेपर्यंत ढकलायची, नोझलच्या कडेशी पेननं खूण करायची. खूण दिसत असेल तिथंच ती राहिली पाहिजे, मग बूच. ही खुणेची युक्ती तिची.

नोव्हेंबरच्या २३ तारखेला पुन्हा माळावर गेलो. मधे आमच्याकडं घड्याळ एक तास मागं गेलं होतं, त्यामुळं आता हदगावात साडेआठ वाजले होते. त्या दिवशी तिकडं विधानसभेचे निकाल लागले होते. फोन लावला तर गावात फटाक्यांचा एवढा आवाज, की आई म्हणाली, तुमचं काय ऐकू येणार?

सईनं तिन्ही पेटवण्या घातल्या. मी पाहिल्या. मग तिला म्हणालो, तू पुन्हा पहा. तिनं पाहिल्या. आणि मग मी पुन्हा पाहिल्या. तार तीच, अण्णांच्या दोन जोड्या आणि माझी एक.

पाच, चार, तीन, दोन, एक.

या वेळचा आवाज वेगळा होता. फस्स नाही, फाडल्यासारखा, एकच आणि भरलेला. रॉकेट सळईवरून सरळ गेलं. एवढं सरळ, की मान मागं टाकूनच पाहावं लागलं. पांढऱ्या धुराची एक रेघ. मग आवाज थांबला आणि ते तसंच वर जात राहिलं, बारीक होत. किती उंच गेलं ते मोजायचं साधन आमच्याकडं नव्हतं. वर एक ठिपका उमलला, केशरी पॅराशूट, आणि वाऱ्यावर सावकाश खाली येऊ लागला. सई त्याच्या खाली खाली धावत निघाली.

मी फोन कानाला लावला. चित्र केव्हाच अडकलं होतं. त्यांना काही दिसलं नव्हतं. मागं फटाक्यांची लड वाजत होती, त्यातून अण्णा ओरडून विचारत होते. किती उंच गेलं हे नाही, परत मिळालं का हे नाही.

"तिन्ही संगट पेटल्या का?"

"हाव अण्णा," मी म्हणालो. "तिन्ही संगट."